पगारालाच उचल म्हटलं होतं

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी ऐरोलीत राहतो, वय ४९, इथल्याच एका आयटी पार्कमध्ये नोकरी. सप्टेंबर २००९ ते मार्च २०१२ मी लंडनला एका बँकेच्या प्रोजेक्टवर कॉन्ट्रॅक्टर होतो. दिवसाला ३२५ पौंड मिळायचे. ज्या एजन्सीनं काम दिलं तिनंच पगाराचा कारभार बघणारी एक कंपनी सुचवली. ती महिन्याला दोन रकमा पाठवायची. एक छोटा पगार, त्यावर रीतसर कर कापलेला. दुसरी मोठी रक्कम, आइल ऑफ मॅन बेटावरच्या एका ट्रस्टकडून, ‘कर्ज’ म्हणून. तिची फी जाऊन शंभरातले ८२ हातात यायचे. हे कर्ज कधी कोणी परत मागत नाही असं सगळेच सांगायचे. २०१८मध्ये तिथल्या कर खात्यानं गाठलं. माझ्या त्या वर्षांची चौकशी त्यांनी वेळेत उघडून ठेवली होती. तडजोड करून ३१ हजार पौंड भरले, त्यासाठी नेरळचा प्लॉट विकला. वाटलं, सुटलो.

गेल्या महिन्यात कळव्याला वडिलांच्या घरी कुरिअर आलं. पाठवणाऱ्या कंपनीचं नाव मी कधी ऐकलेलं नाही. ‘ट्रस्टनं तुमची कर्जं आमच्याकडे हस्तांतरित केली आहेत, १,१४,६०० पौंड आणि त्यावरचं व्याज ३० दिवसांत भरा, २१ दिवसांत १२ टक्के भरलेत तर प्रकरण मिटवू.’ वडील ७८ वर्षांचे. पाकीट त्यांनी फोडलं आणि फोनवर एवढंच विचारलं, “तू कर्ज काढलं होतंस?” पत्र मी गॅसच्या पुस्तकात ठेवलं आहे, बायकोला अजून सांगितलेलं नाही. कर भरला म्हणजे तो पगारच ठरला ना, मग कर्ज कसं उरलं? १२ टक्के भरून मोकळा होऊ का? फ्लॅट बायकोच्या नावावर करू का? आणि माझा एक जुना सहकारी अजून तिकडे हाउन्स्लोला आहे. त्यानं कर खात्याशी तडजोडच केलेली नाही. त्याचं काय?

— एक वाचक, ऐरोली

उत्तर : आधी ते पत्र गॅसच्या पुस्तकातून काढा. हल्ली सिलिंडर मोबाइलवर बुक होतो म्हणून तुम्हाला ती जागा सुरक्षित वाटली असेल. पण पुढचे सहा महिने या प्रकरणाचे कागद जमवायचे आहेत, ईमेल शोधायचे आहेत, वकिलाची फी द्यायची आहे. हे सगळं घरात चोरून होत नाही. आज रात्री जेवण झाल्यावर सांगा. वडिलांनाही सांगा की कर्ज काढलं नव्हतं, पगारच घेतला होता, फक्त कागदावर त्याला कर्ज म्हटलं होतं. त्यांच्या पिढीला ‘तू कर्ज काढलं होतंस’ हा प्रश्न किती जड जातो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आता माझी एक कबुली. २००८च्या मे महिन्यात माझा भाचेजावई इंग्लंडमधल्या स्लाउहून सुट्टीला आला होता. नौपाड्यात आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा त्यानं लॅपटॉपवर अशाच योजनेचं माहितीपत्रक दाखवलं. लंडनच्या बड्या वकिलाचं मत सोबत जोडलेलं, ‘संपूर्ण कायदेशीर’ असं ठळक अक्षरात. मी विचारलं, “हे कर्ज फेडायचं कधी?” तो हसला. म्हणाला, “मावशी, ते फेडायचं नसतं.” त्या वेळी माझ्या प्रॅक्टिसला २४ वर्षं झाली होती. ‘फेडायचं नसेल तर ते कर्ज नाही, आणि कर्ज असेल तर कोणीतरी कधीतरी मागणारच’ एवढं एक वाक्य मी बोलायला हवं होतं. पण आमरस वाढून झाला होता, ताई पुरी घेऊन आली होती, आणि जावई माणूस. मी गप्प बसले. पुढे त्याचं जे झालं ते तुमच्यासारखंच झालं. म्हणून तुम्हाला ‘तुम्ही इतके शिकलेले, तरी कसे फसलात’ असं विचारायचा अधिकार मला नाही. पण एक म्हणणारच. शंभरातले ८२ हातात येत होते आणि शेजारच्या खुर्चीवरच्या कायम नोकरदाराच्या हातात त्याहून बरेच कमी पडत होते, हे तुम्हाला दिसत होतं. वकिलासमोर बसाल तेव्हा ‘मला काहीच कळत नव्हतं’ अशी भूमिका घेऊ नका. ती टिकत नाही.

वाचकांसाठी थोडं मागचं सांगते. ब्रिटनमध्ये एप्रिल २००० पासून आयआर ३५ नावाचा नियम आला. स्वतःची छोटी कंपनी काढून प्रत्यक्षात नोकरासारखं काम करणाऱ्यांकडून नोकरासारखाच कर घ्यायचा, असा त्याचा अर्थ. कोण त्यात बसतो आणि कोण नाही हे तिथल्या जाणकारांनाही धड सांगता येईना, आणि त्या धास्तीवर या योजना विकल्या गेल्या. कंपनी तुम्हाला किमान वेतनाच्या आसपास पगार दाखवणार. २००९च्या ऑक्टोबरात ते ताशी ५ पौंड ८० पेन्स होतं. म्हणजे दिवसाला ३२५ पौंड मिळवणारा माणूस कागदावर हॉटेलात बशा विसळणाऱ्याइतका पगार घेत होता. उरलेला पैसा बेटावरच्या ट्रस्टमध्ये जाणार, आणि ट्रस्ट तो तुम्हाला ‘उसना’ देणार. उसन्यावर आयकर नसतो. सगळी हुशारी या एका वाक्यात होती.

ऊसतोडीच्या मुकादमाची उचल मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. बीडचं जोडपं दसऱ्याच्या आधी मुकादमाकडून उचल घेतं आणि मग हंगामभर तोडणी करून ती फेडतं. तिथे पैसा आधी आणि घाम नंतर. तुमच्या बाबतीत उलटं झालं. काम करून झालं होतं, बँकेनं बिल चुकतं केलं होतं, मजुरी तुमच्या नावावर जमा व्हायला निघाली होती, आणि वाटेत तिलाच उचल असं नाव दिलं गेलं. मुकादम निदान खरं नाव वापरतो.

तुमचा मुख्य प्रश्न असा की कर भरला, म्हणजे सरकारनंच तो पगार मानला, मग कर्ज उरतं कसं? साध्या न्यायानं बघितलं तर तुमचं बरोबर आहे. पण कायद्याची दोन खाती आहेत आणि ती एकमेकांच्या वह्या बघत नाहीत.

पहिलं खातं कराचं. ९ डिसेंबर २०१० नंतरच्या अशा कर्जांना तिथल्या २०११च्या कायद्यानं थेट पगाराच्या पंक्तीला बसवलं. मग ५ जुलै २०१७ ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाचा रेंजर्स फुटबॉल क्लबच्या खटल्यातला निकाल आला. खेळाडूंचा पैसा ट्रस्टमध्ये टाकून कर्जाऊ दिला जात होता. न्यायालय म्हणालं, कामाचा मोबदला तिसऱ्याच्या हातात दिला म्हणून तो मोबदला राहत नाही असं नाही, त्यावर कर लागणार. त्याच वर्षीच्या कायद्यानं ‘लोन चार्ज’ आला. ५ एप्रिल २०१९ ला जी कर्जं फिटलेली नव्हती त्यांची बेरीज करून एकाच वर्षाचं उत्पन्न धरायचं, तेही थेट १९९९ पासूनची. सुमारे ५० हजार माणसं त्यात सापडली असा कर खात्याचाच अंदाज होता. संसार मोडले, आत्महत्या झाल्या, संसदेत ओरड झाली, तेव्हा सर अमियास मोर्स यांना फेरतपासणीला बसवलं गेलं. त्यांच्या डिसेंबर २०१९च्या अहवालानंतर ९ डिसेंबर २०१०च्या आधीची कर्जं लोन चार्जमधून वगळली गेली. तुम्हाला त्याचा फारसा उपयोग नव्हता, कारण तुमच्या वर्षांची चौकशी आधीच उघडलेली होती आणि तुम्ही पैसे भरून बसला होता. नेरळच्या प्लॉटचं वाईट वाटतं, पण ते पान मिटलेलं आहे. ते मिटलेलं राहू द्या.

दुसरं खातं दिवाणी कराराचं. तुम्ही आणि ट्रस्ट यांच्यात कर्जाचा करार झाला, त्यावर तुमची सही आहे. रेंजर्सच्या निकालानं कर कोणाला लागतो ते ठरवलं, खेळाडूंची कर्जं रद्द केली नाहीत. तिथलं कर खातंही हेच सांगत आलं आहे की कर भरल्यानं कर्ज फिटत नाही, आणि दोन खासगी पक्षांच्या करारात आम्ही पडत नाही. तुमच्यासारख्या माणसाला हे चीड आणणारं आहे. एकाच रकमेला एक खिडकी पगार म्हणते आणि दुसरी कर्ज. पण त्या दुसऱ्या खिडकीवर बसलेल्याला एवढंच बघायचं आहे की कागदावर सही कुणाची.

आता त्या खिडकीवर खरंच कोण बसलं आहे ते बघू. तुम्ही कर्ज घेतलं ट्रस्टकडून. मागतंय तिसरंच कोणी. कर्ज विकता येतं, त्यात बेकायदा काही नाही. इंग्लंडच्या १९२५च्या मालमत्ता कायद्यात त्यासाठी लेखी हस्तांतरण आणि ऋणकोला लेखी सूचना अशी अट आहे. म्हणून या कंपनीनं सिद्ध करायच्या गोष्टी बऱ्याच आहेत. मूळ करार कुठे आहे? हस्तांतरणाचा दस्त कुठे आहे, तो कुणी केला, त्याला तसा अधिकार होता का? मधल्या काळात ट्रस्टचे विश्वस्त बदलले असतील तर साखळी पूर्ण जुळते का? आणि सगळ्यात नाजूक प्रश्न असा की ट्रस्ट होता कुणासाठी? लाभार्थी म्हणून तुमचंच नाव असणार. ज्याच्या भल्यासाठी विश्वस्त नेमला त्याच्याच मानेवर बसणारा कागद त्या विश्वस्तानं बाहेरच्याला विकला, हे विश्वस्ताच्या कर्तव्यात बसतं का? तिथले वकील हा मुद्दा जोर लावून मांडतात. ‘कर्ज कधी परत मागणार नाही’ हे आश्वासन कुठे लेखी मिळालं असेल, एखाद्या ईमेलमध्ये, माहितीपत्रकात, तर ते सोन्याच्या मोलाचं समजा. जुनं मेलखातं आजच उघडून बघा. एजन्सीच्या माणसाशी झालेली चॅटसुद्धा काढा.

मुदतीचा मुद्दा मात्र नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेक जण घात करून घेतात. इंग्लंडच्या १९८०च्या कायद्यानुसार साध्या कराराच्या दाव्याला ६ वर्षं मिळतात. तुम्ही म्हणाल, २०१२ला संपलं, आता कसले दावे! पण ज्या कर्जाला फेडीची तारीखच ठरलेली नाही, त्याची ६ वर्षं कर्ज दिल्या दिवसापासून मोजत नाहीत, लेखी मागणी झाली त्या दिवसापासून मोजतात. म्हणजे कळव्याला आलेलं ते पाकीट म्हणजेच घड्याळाची किल्ली असू शकते. करारात १० वर्षांसारखी ठरावीक मुदत लिहिली असेल तर हिशेब वेगळा, आणि करार साधा नसून ‘डीड’, म्हणजे औपचारिक दस्त, म्हणून केला असेल तर ६ ऐवजी १२ वर्षं. म्हणून करार हातात आल्याशिवाय ‘मुदत गेली’ असं कोणीही, मीसुद्धा, छातीठोक सांगू नये.

आपल्याकडे उलटं आहे. आपल्या १९६३च्या मुदतीच्या कायद्यात मागताक्षणी फेडायच्या कर्जाची ३ वर्षं कर्ज दिल्या दिवसापासून धावतात. परदेशात झालेल्या करारावर इथल्या न्यायालयात दावा लावला तरी मुदत इथलीच लागते, असं त्याच कायद्याचं ११वं कलम सांगतं. तुमचं शेवटचं कर्ज मार्च २०१२चं. ठाण्याच्या दिवाणी न्यायालयात ते आज थेट दावा घेऊन उभे राहिले तर तुमच्या वकिलाचा पहिला मुद्दा हाच असेल, आणि तो भक्कम आहे.

म्हणून शहाणा धनको इथे दावा लावणार नाही, इंग्लंडमध्ये लावेल. ब्रिटनला आपण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ४४-अ कलमाखाली ‘परस्पर’ देश मानतो. तिथल्या वरिष्ठ न्यायालयाचा पैशाचा हुकूमनामा घेऊन इथल्या जिल्हा न्यायालयात सरळ दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, लावता येते, जणू तो हुकूमनामा इथेच झाला आहे. तुमच्या ऐरोलीच्या फ्लॅटला भीती आहे ती या वाटेची. पण या वाटेवरही फाटक आहे. हुकूमनामा गुणदोष तपासून दिलेला नसेल तर तो १३व्या कलमाखाली इथे चालत नाही. प्रतिवादी आला नाही म्हणून पुरावा न बघता दिलेल्या इंग्लंडच्या एका एकतर्फी हुकूमनाम्याची अंमलबजावणी आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २००१मध्ये नाकारली होती. शिवाय २०२०च्या एका निकालात त्याच न्यायालयानं सांगितलं की परदेशी हुकूमनाम्याच्या दरखास्तीला ज्या देशात तो झाला त्या देशाची मुदत लागते. त्या प्रकरणात लंडनचा १९९५चा हुकूमनामा एका बँकेनं २००९मध्ये बंगळुरूला आणला होता, तिथली ६ वर्षं कधीच उलटून गेली होती, आणि दरखास्त मुदतबाह्य ठरली.

यावरून ‘मग गप्पच बसतो, एकतर्फी होऊ दे’ असा निष्कर्ष काढू नका. एकतर्फी असूनही पुरावा तपासून दिलेला हुकूमनामा चालू शकतो. तुमच्या हातात आज आलं आहे ते मागणीपत्र आहे, समन्स नाही. परदेशी न्यायालयाचं समन्स आपल्याकडे हेग कराराखाली केंद्रीय कायदा मंत्रालयामार्फत येतं. थेट टपालानं बजावण्याला भारतानं हरकत नोंदवलेली आहे. तरी न्यायालयाचा शिक्का असलेला कोणताही कागद कळव्याला किंवा ऐरोलीला आला तर पाकिटासकट, त्यावरच्या तारखेसकट जपा आणि त्याच दिवशी वकिलाला दाखवा.

१२ टक्क्यांचा मोह मला कळतो. हिशेब केला, १३,७५२ पौंड होतात, आजच्या भावानं १६ लाखांच्या आसपास. सव्वा कोटीच्या वर मागून १६ लाखांवर उतरायची तयारी कशासाठी असते? ज्याला आपल्या कागदावर पूर्ण विश्वास आहे तो पहिल्याच पत्रात ८८ टक्के सोडत नाही. हे सगळेच पोकळ आहेत असं मी म्हणत नाही, पण २१ दिवसांची घाई त्यांची आहे, तुमची नाही. आणि भरण्यात तीन धोके आहेत. ज्याची मालकी सिद्ध नाही त्याला दिलेत तर उद्या मूळ ट्रस्टचा किंवा आणखी एखाद्या खरेदीदाराचा माणूस दारात उभा राहू शकतो. थोडे पैसे भरणं म्हणजे देणं कबूल करणं, आणि त्यानं चालू मुदत नव्यानं सुरू होते, तिथेही आणि इथेही. आणि आपल्या करार कायद्याच्या २५व्या कलमानुसार मुदत गेलेलं कर्जसुद्धा ‘देतो’ असं सही करून लिहून दिलं की पुन्हा जिवंत होतं. तेव्हा फोनवर गोड बोलणं, ‘सध्या अडचण आहे, हप्ते बांधून द्या’ असा ईमेल, व्हॉट्सअ‍ॅपवर ‘बघतो सर’, यातलं काहीही नको. मराठी माणसाला नाही म्हणताना जी गुळमुळीत भाषा सुचते तीच इथे नडते.

उत्तर मात्र द्यायचं. ते इंग्लंडमध्ये प्रॅक्टिस करणाऱ्या सॉलिसिटरनं द्यावं. ठाण्याच्या कोर्टाबाहेर टेबल लावून बसलेल्या आमच्या वकीलमित्रांवर माझा लोभ आहे, पण हे त्यांचं काम नाही. पत्रात चारच गोष्टी असाव्यात. मी कोणतंही देणं कबूल करत नाही. मूळ कराराची प्रत पाठवा. हस्तांतरणाचा दस्त पाठवा. प्रत्येक रकमेचा तारीखवार उतारा पाठवा. तुमच्या योजनेतल्या जुन्या सहकाऱ्यांनाही हीच पत्रं गेली असणार. १० जणांनी मिळून एक सॉलिसिटर केला तर फी एका माणसाच्या आवाक्यात येते. मूळ कर्ज देणाऱ्याकडे तिथला ग्राहक-कर्जाचा परवाना लागत होता का आणि तो होता का, हेही त्याला विचारा. २०१८च्या तडजोडीचा कागद त्याच्या हातात द्या. कर्ज त्यानं मिटत नसलं तरी तुम्ही काय आणि का भरलं हे त्यात लिहिलेलं आहे.

फ्लॅट बायकोच्या नावावर करू नका. कुटुंबात राहतं घर द्यायला महाराष्ट्रात २०० रुपयांच्या मुद्रांकावर बक्षीसपत्र होतं, म्हणून आजकाल जो तो उठून बक्षीसपत्र करतो. पण धनकोला चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतरण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५३व्या कलमाखाली रद्द करून घेता येतं, आणि मागणीपत्राच्या पुढच्याच महिन्यात केलेलं बक्षीसपत्र कशासाठी केलं हे न्यायाधीशांना सांगावं लागत नाही. आज तुमची बाजू सरळ आहे. ती वाकडी करून घेऊ नका.

हाउन्स्लोच्या मित्राला कळवा की त्याची गोष्ट तुमच्यापेक्षा वेगळी आहे. लोन चार्जवरचा रे मॅक्कन यांचा नवा अहवाल नोव्हेंबर २०२५मध्ये आला. सरकारनं एक सोडून त्यातल्या सगळ्या शिफारशी मान्य केल्या आणि ज्यांची तडजोड व्हायची राहिली आहे त्यांच्यासाठी नव्या, बऱ्याच सैल अटी जाहीर केल्या. तुमच्यासारखे आधीच भरून मोकळे झालेले त्यात नाहीत. जो आधी भरतो तो मूर्ख ठरतो, ही आपल्या अभय योजनांची जुनी तक्रार तिकडेही ऐकू येते आहे. मित्रानं तिथल्या कर सल्लागाराला तातडीनं गाठावं. इकडे परत येऊन बसलो की कर सुटला, असं त्यानं समजू नये. भारत आणि ब्रिटन यांच्या करारात २०१३ पासून करवसुलीत एकमेकांना मदत करण्याची तरतूद आहे.

आणि सांगितल्यावर बायको काय म्हणाली ते कळवा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, वर्तकनगरला राहते. मुलगी लेस्टरला नर्स आहे. नवीन एजन्सी म्हणते की आमच्या ‘अंब्रेला’ कंपनीमार्फत पगार घ्या, काही भाग पगार आणि काही ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणून येईल, महिन्याला ४०० पौंड जास्त पडतील. ती म्हणते, आई, सगळ्या मुली घेतात. घ्यावं का?

उत्तर : नको. तुम्ही वर्गात ‘सगळे करतात म्हणून’ हे उत्तर कधी चालवून घेतलं नसेल, इथेही चालवू नका.

अंब्रेला कंपनी म्हणजे एजन्सी आणि कामगार यांच्या मध्ये बसून पगार देणारी कंपनी. ती असणं म्हणजे गैर नाही, तिथे हजारो लोक तशा कंपन्यांतून रीतसर पगार घेतात. ओळखायची खूण सोपी आहे. पगाराच्या चिठ्ठीवरची हातात पडणारी रक्कम आणि बँकेत आलेली रक्कम पैशापैशानं जुळली पाहिजे. बँकेत जास्त आले आणि चिठ्ठीवर कमी, की उरलेला पैसा कर चुकवून आला आहे. मग त्याचं नाव कर्ज असो, अ‍ॅडव्हान्स असो, वार्षिकी असो नाहीतर शेअर. नावं बदलत राहतात. एक काळ आयटीवाले सापडले, आता नर्सेस आणि बदली शिक्षक. तिथलं कर खातं २०२२ पासून अशा योजनांची नावं आपल्या संकेतस्थळावर जाहीर करतं. मुलीला त्या यादीत कंपनी शोधायला सांगा. पण यादीत नाव नाही म्हणजे कंपनी चांगली, असा अर्थ नाही. एप्रिल २०२६ पासून अंब्रेला कंपनीनं न भरलेला पगारावरचा कर एजन्सीकडूनही वसूल होऊ शकतो, हे तिनं एजन्सीच्या माणसाला सहज बोलता बोलता ऐकवावं. पुष्कळदा तेवढ्यानं प्रस्ताव मागे घेतला जातो.

त्या ४०० पौंडांचा मोह तिला पडणारच. घरभाडं, थंडीतलं हीटिंगचं बिल, इकडे पाठवायचे पैसे. तिला रागावू नका. वरचं ऐरोलीचं पत्र तिला वाचायला पाठवा.

प्रश्न : मी रबाळे एमआयडीसीत ठेकेदाराकडे वेल्डर. ११ हजार बँकेत येतात आणि ७ हजार रोख. रोखीच्या व्हाउचरवर ‘उचल’ लिहून सही घेतात. मी काम सोडतो म्हणालो तर ठेकेदार म्हणतो, तुझ्या नावावर १ लाख ६८ हजार उचल आहे, आधी ती भर. खरं आहे का?

उत्तर : दादा, २४ महिने गुणिले ७ हजार, तुमचा आकडा बरोबर जुळतो. म्हणजे दोन वर्षं तुमच्या पगाराचा ठरावीक भाग, ठरावीक तारखेला, एकसारख्या रकमेनं ‘उचल’ म्हणून दिला. खरी उचल अशी नसते. ती कधी पोरीच्या लग्नाला असते, कधी दवाखान्याला, रक्कम वेगवेगळी असते, आणि मुख्य म्हणजे पुढच्या पगारातून कापली जाते. तुमच्या ११ हजारांतून दोन वर्षांत एक रुपया तरी कापला का? नसेल तर ती उचल नव्हती हे ठेकेदाराच्याच वहीतून दिसतं. त्यानं तसं का लिहिलं, तर त्या ७ हजारांवर भविष्यनिर्वाह निधी भरायला लागू नये म्हणून.

त्याला पैसे देऊ नका आणि आणखी कोणत्याही कागदावर सही करू नका. कोऱ्या कागदावर तर नाहीच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे. वेतन थकल्याचा दावा ३ वर्षांच्या आत करता येतो, आणि वेतन दिलं हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. वागळे इस्टेटच्या कामगार कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घ्या. निधीची तक्रार वाशीच्या भविष्यनिर्वाह निधी कार्यालयात. ठेकेदार ज्या कारखान्यासाठी काम करतो त्याचं नावही तक्रारीत लिहा, कारण ठेकेदारानं निधी भरला नाही तर जबाबदारी मूळ मालकाकडे जाते.

जाताना बँकेचं पासबुक, गेटपास आणि व्हाउचरच्या प्रती न्या. प्रती नसतील तर सोबतच्या दोघा-तिघांची नावं लिहून ठेवा, त्यांच्याकडूनही अशाच सह्या घेतल्या असतील. ज्या प्रती आहेत त्यांचे आजच फोटो काढा. कार्बनची अक्षरं एका पावसाळ्यात उडून जातात.